हिवाळी मॉन्सूनचा इतिहास समुद्राच्या गाळातून कसा वाचतात

मॉन्सून म्हटलं की जून आठवतो. केरळात कधी आला, तळकोकणात कधी उतरला, घाट ओलांडून मराठवाड्यात कधी पोहोचला, यावर महिनाभर बोलणं चालतं. पण मॉन्सून म्हणजे मुळात ऋतूनुसार दिशा पालटणारा वारा. पावसाळ्यात तो नैऋत्येकडून समुद्रावरून जमिनीकडे येतो, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ईशान्येकडून, जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. हा दुसरा वारा थंड आणि बहुतेक ठिकाणी कोरडा असतो. महाराष्ट्राला तो पाऊस देत नाही, म्हणून आपल्या बोलण्यात तो फारसा नसतो. तामिळनाडूचं तसं नाही. तिथल्या वर्षभराच्या पावसातला जवळपास निम्मा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो, कारण हाच वारा बंगालच्या उपसागरावरचं बाष्प घेऊन तिथल्या किनाऱ्यावर धडकतो. आणि शिडांच्या जहाजांच्या काळात आपल्या बंदरांतून अरबस्तानाकडे, पूर्व आफ्रिकेकडे माल जायचा तो याच वाऱ्याच्या भरवशावर.

हा हिवाळी मॉन्सून पाच हजार किंवा वीस हजार वर्षांपूर्वी किती जोरकस होता? भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ची, म्हणजे पद्धतशीर मोजमापं दीडशे वर्षांच्या आसपासची. त्यामागचं काही जाणायचं तर निसर्गानं ठेवलेल्या नोंदी शोधाव्या लागतात. पावसाळ्याच्या बाबतीत अशा नोंदी बऱ्याच आहेत. मेघालयातल्या मावम्लूह गुहेत ठिबकणाऱ्या पाण्यातून वाढलेल्या चुनखडीच्या स्तंभांत जुन्या पावसाची नोंद इतकी चांगली टिकली आहे की पृथ्वीच्या इतिहासातल्या गेल्या सुमारे ४,२०० वर्षांच्या कालखंडाला ‘मेघालयन’ हे नाव मिळालं. पण ती पावसाची नोंद आहे. कोरड्या वाऱ्याची नोंद गुहेत होत नाही आणि झाडांच्या वलयांतही सहजी होत नाही. तो वारा ज्याला खरोखर बदलतो तो म्हणजे समुद्र. म्हणून त्याचा माग समुद्राच्या तळाशी काढावा लागतो, आणि माझ्या मते भारतीय हवामानाच्या अभ्यासातलं हे सर्वांत बारकाईचं काम आहे. अरबी समुद्रात उन्हाळी मॉन्सूनचा, म्हणजे आपल्या पावसाळ्यातल्या नैऋत्य वाऱ्याचा, आवाज इतका मोठा आहे की त्यातून हिवाळी मॉन्सून ओळखणं म्हणजे ढोल-ताशांच्या गजरात कोपऱ्यात वाजणारी सनई ऐकणं.

वारा पाण्याला काय करतो

जानेवारीत कराचीपासून ओखा-द्वारकेपर्यंतच्या किनाऱ्यापुढे हा वारा समुद्रावर येतो. तो थंड असतो, म्हणून पाण्यातली उष्णता घेतो. कोरडा असतो, म्हणून बाष्पीभवन वाढवतो. बाष्पीभवनाला लागणारी उष्णताही पाण्यातूनच जाते आणि मागे उरलेलं पाणी अधिक खारट होतं. गार आणि खारट पाणी जड असतं. ते खाली बसतं, खालचं वर येतं आणि वरचा एकजीव थर हळूहळू खोल होत जातो. उत्तर अरबी समुद्रात हे ढवळणं हिवाळ्याच्या ऐन भरात सुमारे १०० मीटर खोलीपर्यंत पोहोचतं. मे महिन्यात २८-२९ अंश सेल्सियस असलेलं पृष्ठभागाचं पाणी तेव्हा २३-२४ अंशांपर्यंत उतरलेलं असतं.

खालच्या पाण्याबरोबर नायट्रेट, फॉस्फेट ही समुद्रातली खतंही उजेडात येतात. त्यावर सूक्ष्म वनस्पती, म्हणजे प्लवक, झपाट्यानं वाढतात आणि त्यांच्यावर जगणारे जीवही वाढतात. समुद्राची ही हिवाळी सुपीकता नेमकी कशी घडते हे गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या एम. मधुप्रताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडलं. अरबी समुद्राची श्रीमंती फक्त पावसाळ्यातल्या वाऱ्यामुळे आहे, हा समज त्यानंतर टिकला नाही.

पावसाळ्यात घडतं ते वेगळ्या जागी. सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत जोरदार नैऋत्य वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो आणि त्याची जागा घ्यायला खोलवरचं थंड, पोषक पाणी वर येतं. म्हणजे उन्हाळी मॉन्सूनची सही पश्चिमेला ठळक, हिवाळी मॉन्सूनची उत्तरेला आणि ईशान्येला. ओमानपुढचा गाळ कितीही काटेकोर तपासला तरी तो प्रामुख्यानं पावसाळ्याबद्दलच बोलणार. सगळ्या अभ्यासाचा पाया म्हणून आधी ठरते ती जागा. पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्यापुढचा समुद्रतळ या बाबतीत भाग्याचा आहे. तो का, ते पुढे येईलच.

पृष्ठभागावर जे वाढतं ते खाली तळापर्यंत पोहोचतं का, ही शंका साहजिक आहे. तिचं उत्तर प्रत्यक्ष मोजून मिळालं. १९८०च्या दशकात गोव्याची ही संस्था आणि जर्मनीतलं हॅम्बुर्ग विद्यापीठ यांनी मिळून अरबी समुद्रात पश्चिमेला, मध्यावर आणि पूर्वेला गाळ गोळा करणारी मोठी नरसाळी पाण्यात खोलवर टांगली. त्यांच्या तळाशी असलेल्या बाटल्या ठरावीक दिवसांनी आपोआप बदलत आणि वरून पडणारे कण त्यांत साठत. आर. आर. नायर आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली दाखवलं की कणांचा हा वर्षाव वर्षभर सारखा नसतो. तो मॉन्सूनच्या तालावर वाढतो-घटतो, आणि नैऋत्य मॉन्सूनबरोबर ईशान्य मॉन्सूनमध्येही वाढतो. कुठल्या ऋतूत कुठले जीव तळाकडे जातात ही ओळख इथून पक्की होऊ लागली. ती नसती तर जुन्या गाळातल्या कवचांना ऋतू जोडण्याला काहीच आधार राहिला नसता.

गाळ वर कसा आणतात

जहाजावरून पोलादी नळी तारेनं खाली सोडतात. तिच्या डोक्यावर जड वजन असतं आणि आत प्लास्टिकचं अस्तर. नळी स्वतःच्या भारानं तळात घुसते आणि मऊ गाळाचा उभा दांडा घेऊन वर येते. संशोधक त्याला कोअर म्हणतात. सगळ्यांत वरचा गाळ सर्वांत नवा, खाली जावं तसा जुना. अशी नळी घुसताना वरचे काही सेंटीमीटर मात्र विस्कटतात, त्यामुळे अलीकडच्या शतकांसाठी पेटीसारखं किंवा अनेक छोट्या नळ्यांचं वेगळं साधन हलक्या हातानं तळावर टेकवावं लागतं. फार जुना काळ हवा असेल तर खणणारं जहाजच लागतं. २०१५ साली ‘जॉइडीस रिझोल्यूशन’ या जहाजानं अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात अशी विवरं घेतली. कोलंबोहून निघालेली ती मोहीम मुंबई बंदरात संपली.

कोअर उभा चिरून दोन भाग करतात. एक जपून ठेवायचा, दुसरा कामाला घ्यायचा. कामाच्या भागातून एकेक सेंटीमीटरच्या चकत्या काढतात, ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्यानं धुतात आणि वाळवतात. चिखल निघून गेला की मागे पांढुरकी रेती उरते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की कळतं, ही रेती नाहीच. ही फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची चुन्याची कवचं आहेत, बहुतेक अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. ओल्या बारीक ब्रशच्या टोकानं एकेक कवच उचलून जातीनुसार वेगळं करायचं, आणि एका चकतीतून साधारण तीनशे मोजायची. शेकडो चकत्यांचा कोअर असेल तर मोजणी महिनोन् महिने चालते. यंत्रं आली, पण या टप्प्यावर माणसाचा सराईत डोळा अजूनही लागतो.

कवचांतला हिवाळा

तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेरांच्या प्रत्येक जातीला विशिष्ट पाणी मानवतं. ग्लोबिजेरिनॉइडीस रुबर ही जात वरच्या उबदार, पोषण कमी असलेल्या पाण्यात राहते. ग्लोबिजेरिना बुलॉइडीस ही गार आणि पोषक पाण्याची. ओमान-सोमालियापुढे तिचं प्रमाण वाढलं म्हणजे पावसाळी वारा जोरात होता, असं वाचन अनेक वर्षांपासून रूढ आहे. अनिल गुप्ता आणि सहकाऱ्यांनी २००३ साली याच जातीच्या आधारे ओमानपुढच्या गाळातून गेल्या सुमारे अकरा हजार वर्षांच्या नैऋत्य मॉन्सूनचा आलेख काढला.

ईशान्य अरबी समुद्रात मात्र बुलॉइडीसवर विसंबता येत नाही, कारण हिवाळ्यातल्या ढवळलेल्या पाण्यातही ती वाढते. इथे उपयोगी पडते तिची बहीण शोभावी अशी ग्लोबिजेरिना फाल्कोनेन्सिस. ही मकरानच्या पुढे हिवाळ्यात, ढवळण खोल गेलेलं असताना बहरते. दोघी दिसायला इतक्या सारख्या की कवचाच्या तोंडावरची ओठासारखी बारीक कड पाहूनच फाल्कोनेन्सिस ओळखावी लागते. एवढ्याशा कडेवर पुढचा सगळा निष्कर्ष उभा असतो, म्हणून मोजणाऱ्याच्या हाताला मी इतकं महत्त्व देतो.

इथे एक खाच आहे. जातींची मोजणी टक्क्यांत मांडतात, आणि टक्के फसवू शकतात. पावसाळा कमजोर होऊन पावसाळ्यातल्या जाती घटल्या, तर हिवाळ्यातल्या जातीचा टक्का आपोआप वर जातो. हिवाळा तसूभरही न बदलता! म्हणून एका जातीच्या आलेखावर कुणी समाधानी राहत नाही. तापमानाचा वेगळा पुरावा मागितला जातो.

तो तीन वाटांनी मिळतो. पहिली वाट कवचातल्या ऑक्सिजनची. ऑक्सिजनचे हलका १६ आणि जड १८ असे दोन समस्थानिक महत्त्वाचे. पाणी जितकं थंड तितका जड ऑक्सिजन कवचात जास्त जातो. अडचण अशी की हे प्रमाण पाण्याच्या खारटपणाबरोबरही बदलतं आणि पृथ्वीवर किती बर्फ साठला आहे त्यावरही. हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे २१,००० वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. हलक्या ऑक्सिजनचं ते सगळं पाणी जमिनीवरच्या बर्फात अडकलं होतं आणि उरलेल्या समुद्रात जड ऑक्सिजनचा वाटा वाढला होता. तो हिशेब वजा केल्याशिवाय थंडी किती आणि बर्फ किती हे सांगता येत नाही.

दुसरी वाट मॅग्नेशियमची. कवच तयार होताना कॅल्शियमच्या जागी थोडं मॅग्नेशियम शिरतं आणि पाणी उबदार असेल तर ते जास्त शिरतं, दर अंशाला साधारण नऊ टक्क्यांनी. एकाच कवचातून मॅग्नेशियमवरून तापमान काढायचं, ते ऑक्सिजनच्या हिशेबातून वजा करायचं, की मागे खारटपणाची कल्पना उरते.

तिसरी वाट कवचांची नाही, स्निग्ध पदार्थांची आहे. एमिलियानिया हक्सलेयी नावाचं सूक्ष्म शैवाल ३७ कार्बन अणूंच्या लांब साखळ्या बनवतं. पाणी गार असेल तर त्या साखळ्यांत तीन दुहेरी बंध असलेल्या जास्त, उबदार असेल तर दोन बंधवाल्या जास्त. ही संयुगं, अल्केनोन त्यांचं नाव, गाळात हजारो वर्षं टिकतात. त्यांच्या प्रमाणावरून निघणारं तापमान शैवाल ज्या ऋतूत जास्त वाढतं त्या ऋतूकडे झुकतं. एरवी हा दोष ठरला असता. हिवाळ्यातच भरभराट होणाऱ्या समुद्रात तो फायद्याचा होतो.

या तिन्ही पद्धतींत पुष्कळ कवचं किंवा बराचसा गाळ एकत्र मोजला जातो आणि ऋतू एकमेकांत मिसळतात. त्यावर एक देखणा उपाय आहे. फोरॅमिनिफेराचं आयुष्य काही आठवड्यांचं असतं. म्हणजे एक कवच म्हणजे एका मोसमाचं पाणी. मग कवचं एकत्र न दळता एकेक वेगळं मोजायचं. त्यातली सर्वांत थंड निघालेली कवचं हिवाळ्याच्या किंवा वर आलेल्या थंड पाण्याच्या काळातली, सर्वांत उबदार ती दोन मॉन्सूनमधल्या काळातली. नेदरलँड्सच्या गेराल्ड गान्सेन यांच्या गटानं २०११ साली या रीतीनं अरबी समुद्राच्या तापमानाचा वर्षभरातला पल्ला गेल्या २०,००० वर्षांसाठी काढला. सरासरीच्या मागे दडलेला ऋतू असा उघडा करता येतो हे मला या क्षेत्रातलं फार मोठं पाऊल वाटतं.

किड्यांनी न खणलेला तळ

आता मकरानच्या भाग्याकडे. अरबी समुद्रात सुमारे २०० ते १,२०० मीटर खोलीच्या पट्ट्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. वरून पडणारं सेंद्रिय द्रव्य कुजताना तो खर्ची पडतो आणि नवं, हवेशीर पाणी तिथे पुरेसं पोहोचत नाही. हा पट्टा जिथे तळाला टेकतो तिथे गाळ खणणारे किडे, शिंपले जगू शकत नाहीत. एरवी खोल समुद्रात हजार वर्षांत दोन-चार सेंटीमीटर गाळ साठतो आणि वरचे काही सेंटीमीटर किडे सतत उलथेपालथे करत राहतात. म्हणजे शतकंच्या शतकं एकमेकांत मिसळून जातात. मकरानपुढे गाळ त्या मानानं फार वेगानं साठतो, वर तो कुणी खणत नाही, त्यामुळे तिथे फिकट आणि गडद पातळ थर वर्षानुवर्षं जसेच्या तसे राहिले आहेत. फिकट थरात जमिनीवरून वाहून आलेली माती जास्त, गडद थरात जीवांचे अवशेष जास्त. उलरिख फॉन राड यांच्या जर्मन गटानं १९९९ साली इथून ५,००० वर्षांची नोंद प्रसिद्ध केली.

आणि हे थर नसतील तेव्हा? तेही बोलकं आहे. गाळ खणलेला दिसला याचा अर्थ त्या काळात तळाशी ऑक्सिजन होता. हार्टमुट शुल्त्स, फॉन राड आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली पाकिस्तानपुढच्या कोअरमधून १,१०,००० वर्षांचा पट मांडला. ग्रीनलंडच्या बर्फात ज्या काळांत तापमान एकदम चढलेलं दिसतं त्या काळांत इथला गाळ थरांचा आणि सेंद्रिय कार्बननं समृद्ध. ग्रीनलंड गोठलेलं असताना इथला गाळ किड्यांनी खणलेला आणि कार्बननं गरीब. हजारो किलोमीटर दूरच्या दोन जागा जवळजवळ एका तालात हललेल्या होत्या.

पण थंड काळात तळाशी ऑक्सिजन आला कसा? पावसाळा कमजोर होता, म्हणून वरून कुजणारं द्रव्य कमी पडलं आणि ऑक्सिजन शिल्लक राहिला, हे एक उत्तर. हिवाळ्यातलं ढवळण फार खोल गेलं आणि त्यानं हवेशीर पाणी खाली नेलं, हे दुसरं. दोन्हींचा परिणाम गाळात सारखाच दिसतो. इथे पुन्हा एक कवच मदतीला येतं. ग्लोबोरोटालिया ट्रंकॅट्युलिनॉइडीस ही जात आयुष्याचा काही भाग शेकडो मीटर खोल घालवते आणि तिच्या पुढच्या पिढीला वर यायला खोलवर मिसळलेलं पाणी लागतं. आज अरबी समुद्राच्या उत्तरेत ती जवळपास नाही. उट्रेख्टच्या गर्ट-यान रायखार्ट आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली २,२५,००० वर्षांच्या नोंदीत पाहिलं की थंडीच्या विशिष्ट काळांत ती इथे हजर होती. म्हणजे तेव्हाचं हिवाळी ढवळण आजच्यापेक्षा पुष्कळ खोल होतं. पावसाळा मंदावणं आणि हिवाळा तीव्र होणं, दोन्ही घडलं होतं. हा युक्तिवाद मला आवडतो, कारण त्यात एका प्रश्नाची दोन उत्तरं वेगळी करायला योग्य तोच साक्षीदार शोधलेला आहे.

आपल्या किनाऱ्याची साक्ष

गोवा-कर्नाटक-केरळच्या पुढे हिवाळ्याची खूण वेगळी असते. गंगा, ब्रह्मपुत्रा, गोदावरी, महानदी यांचं गोडं पाणी बंगालच्या उपसागरात मिसळतं. हिवाळ्यात किनाऱ्यालगतचे प्रवाह उलटतात. पूर्व किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणेकडे वाहू लागतो, श्रीलंकेला वळसा पडतो आणि हे कमी खारट पाणी आपल्या पश्चिम किनाऱ्यानं उत्तरेकडे सरकतं. कमी खारट पाण्यात हलका ऑक्सिजन जास्त असतो, म्हणून इथल्या रुबरच्या कवचांत तो वाढलेला दिसला तर हिवाळी प्रवाह जोरात असावा असा तर्क करता येतो.

अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत काम केलेले अनिंद्य सरकार, आर. रमेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली ‘नेचर’मध्ये हाच पुरावा वापरून गेल्या हिमयुगात हिवाळी मॉन्सूनचा प्रवाह आजच्यापेक्षा बळकट होता असं मांडलं. त्याआधी १९८२ साली फ्रान्सच्या जाँ-क्लोद द्युप्लेसी यांनीही उत्तर हिंद महासागरातल्या कवचांवरून हिमयुगातला नैऋत्य मॉन्सून दुबळा आणि ईशान्य मॉन्सून जोरदार असल्याचं सांगितलं होतं.

या खुणेलाही मर्यादा आहे. हिमयुगात पाऊसच कमी होता, तर उपसागरात गोडं पाणीही कमी असणार. प्रवाह जोरात असला तरी तो वाहून आणणार काय? म्हणून आज असे निष्कर्ष काढताना उपसागरातला आणि अरबी समुद्रातला कोअर एकत्र वाचतात, दोन्हीकडच्या खारटपणातला फरक बघतात.

वय

काळ ठरवायला कार्बन-१४ वापरतात. त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षांचं, म्हणजे तेवढ्या काळात तो निम्मा उरतो, त्यामुळे साधारण ५०,००० वर्षांपर्यंत तो उपयोगी. समुद्राचं पाणी मात्र हवेपेक्षा ‘म्हातारं’ असतं. वरच्या पाण्यातलं ताजं कवचसुद्धा सरासरी ४०० वर्षांचं असल्यासारखं मोजलं जातं, आणि खोलवरचं पाणी वर येणाऱ्या अरबी समुद्रात त्याहून जास्त. ती दुरुस्ती करावी लागते. शिवाय मॉन्सून बदलला की ही दुरुस्तीही बदलते. जिथे वार्षिक थर मोजता येतात तिथे हा घोळ कमी होतो. जुन्या काळासाठी ज्वालामुखीची राख कामी येते. सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीचा सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीचा उद्रेक इतका प्रचंड होता की त्याची राख ईशान्य अरबी समुद्राच्या गाळातही सापडते. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरीलाही ज्वालामुखीची राख आहे. ती याच उद्रेकाची की त्याहून फार जुनी, यावर संशोधकांत मोठा वाद झाला आहे.

हडप्पा आणि हिवाळ्याचा पाऊस

या सगळ्या पद्धती एकत्र आल्या की काय हाती येतं, याचं एक उदाहरण सविस्तर सांगण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेचे लिव्हियू जोसान आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली मकरानपुढच्या कोअरमधून गेल्या काही हजार वर्षांचा हिवाळी मॉन्सून काढला. त्यांनी फाल्कोनेन्सिस मोजली, आणि त्याबरोबर गाळात टिकलेला प्लवकांचा डीएनए वाचला. किड्यांविना, ऑक्सिजनविना राहिलेल्या गाळात जीवांचे जनुकीय तुकडेसुद्धा शाबूत राहतात. दोन पूर्ण वेगळे पुरावे एकच सांगत होते. सुमारे ४,५०० ते ३,००० वर्षांपूर्वीच्या काळात हिवाळी मॉन्सून बळावलेला होता.

याच काळात सिंधू खोऱ्यातली शहरं ओस पडली. सुमारे ३,९०० वर्षांपूर्वीपासून मोठ्या नगरांची जागा लहान गावांनी घेतली आणि वस्ती हिमालयाच्या पायथ्याकडे सरकली. जोसान यांच्या गटाचं म्हणणं असं की पावसाळ्यातले पूर भरवशाचे राहिले नाहीत, तेव्हा पायथ्याकडच्या वाढलेल्या हिवाळी पावसानं लोकांना तिकडे ओढलं. पुराच्या पाण्यावरची शेती सोडून ते हिवाळी पावसावरच्या पिकांकडे वळले. शहरं का सोडली याला एकच कारण असेल असं मला वाटत नाही, आणि इतिहासात एका आलेखावरून निकाल देऊही नये. पण पावसाळा कमी झाला एवढंच सांगून थांबणाऱ्या जुन्या मांडणीपेक्षा ही पुष्कळ समाधानकारक आहे. लोक कुठून गेले याबरोबर तिकडेच का गेले, याचंही ती उत्तर देते.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण अनेक लेखांत तिचा गोंधळ होतो. पंजाब आणि पायथ्याकडचा हिवाळी पाऊस ईशान्य वारा आणत नाही. तो भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांचा पाऊस आहे, हिवाळ्याच्या बातम्यांत आपण ज्यांची नावं ऐकतो ते. तामिळनाडूचा पाऊस आणखी वेगळा. आणि मकरानच्या कोअरमधला पुरावा मुळात थंड वाऱ्यानं ढवळलेल्या समुद्राचा आहे. उत्तरेकडची थंडी वाढली की विक्षोभ दक्षिणेकडे सरकतात आणि थंड वारेही वाढतात, म्हणून या गोष्टी बऱ्याचदा हातात हात घालून चालतात. पण त्या एकच नाहीत. एखाद्या संशोधनात ‘हिवाळी मॉन्सून वाढला’ असं लिहिलेलं दिसलं की वाचकानं आधी विचारावं: कोणता? वारा, तामिळनाडूचा पाऊस, की वायव्येचा पाऊस?

वाद कुठे आहे

थंड काळात पावसाळा मंद आणि हिवाळा तीव्र, हे चित्र हिमयुगासाठी भक्कम आहे. उत्तर अटलांटिकमध्ये हिमनगांचे लोंढे सुटून तिथला उबदार प्रवाह मंदावला, उत्तर गोलार्ध गारठला, आशियावर बर्फ वाढला आणि समुद्राकडे येणारी हवा आणखी थंड झाली, ही साखळी सुसंगत वाटते. सुमारे १७,००० वर्षांपूर्वीचा तसला काळ अरबी समुद्राच्या अनेक कोअरमध्ये दिसतो.

म्हणून दोन्ही मॉन्सून कायम झुल्याच्या दोन टोकांसारखे वरखाली होतात, असा नियम काहींना काढावासा वाटतो. मला तो घाईचा वाटतो. पृथ्वीच्या अक्षाच्या डोलण्यामुळे सुमारे २३,००० वर्षांच्या चक्रात ऋतूंतलं ऊन बदलतं. साधारण दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी उत्तर गोलार्धाला उन्हाळ्यात आजच्यापेक्षा जास्त ऊन मिळत होतं आणि हिवाळ्यात कमी. नुसत्या उन्हाचा हिशेब धरला तर तेव्हा पावसाळा आणि हिवाळा दोन्ही जोरात असायला हवेत. म्हणजे हिमनगांचा धक्का दोघांना उलट दिशांना ढकलतो, तर अक्षाचं डोलणं दोघांना एकाच दिशेला. कुठल्या काळात कोणतं कारण वरचढ ठरलं हे काळागणिक तपासावं लागतं. चीनमधल्या हूक्वांग मार तलावाच्या गाळावरून २००७ साली असाच झुल्याचा नियम मांडला गेला आणि थांग राजवटीच्या अस्ताशी जोडला गेला, तेव्हा चिनी ऐतिहासिक नोंदींच्या आधारे त्यावर लगेच आक्षेप आले होते.

हा वाद फक्त भूतकाळापुरता नाही. गोव्यातल्या समुद्रशास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या २०१७च्या एका अभ्यासात हवामानाची अनेक मॉडेल तपासली गेली. पृथ्वी तापेल तसा अरबी समुद्रावरचा हिवाळी वारा या शतकात कमजोर होईल, असं त्यांत दिसलं. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, हिवाळ्यात दोघांमधला फरक घटतो, वारा मंदावतो. मग ढवळण उथळ राहील, खालची खतं वर कमी येतील आणि हिवाळी मासळी ज्या प्लवकांवर पोसली जाते त्यांचा आहार घटेल. मॉडेल बरोबर सांगतात का, हे तपासायचं एक साधन म्हणजे त्यांना भूतकाळात चालवून पाहणं: सहा हजार किंवा एकवीस हजार वर्षांपूर्वीचं ऊन आणि बर्फ द्यायचं आणि निघालेला वारा गाळातल्या वाऱ्याशी जुळतो का ते बघायचं. पावसाळ्यासाठी अशी तुलना करायला नोंदी पुष्कळ आहेत. हिवाळ्यासाठी मात्र वर्षा-दशकांपर्यंत बारकाईनं वाचता येणारे कोअर बहुतांशी मकरानपुढच्या एका चिंचोळ्या पट्ट्यातले आहेत. गुजरातपुढे आणि उपसागरात अशा नोंदी वाढल्या, तर एका पट्ट्यातला आलेख सगळ्या अरबी समुद्राचा मानायचा की नाही, हे ठरवता येईल.